रीस्टार्ट म्हणजे दुरुस्ती नव्हे

संपादक महोदय,

अर्जाच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ कोलमडले की ‘सर्व्हरवर ताण’ हे ठरलेले उत्तर मिळते. ताण कुठे, ते लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) असते. अपाचे या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरच्या एरर लॉगमध्ये ‘सेगमेंटेशन फॉल्ट (११)’, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याने प्रोसेस (चालू प्रोग्राम) कोसळल्याची नोंद, दिसली तर बहुधा एखादे मॉड्यूल (अपाचेचा जोडभाग) बिघडलेले. कोअर डम्प (कोसळतानाची मेमरीची प्रत) घेऊन जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात बॅकट्रेस (प्रोग्राम कुठून कुठे जात कोसळला त्याचा माग) पाहावा. सिग्नल ९ (प्रोसेस सक्तीने बंद केल्याची खूण) असेल तर आधी डीमेसग, म्हणजे कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) संदेश दाखवणारी आज्ञा, बघा, मेमरी संपल्याने बहुतेकदा कर्नलनेच प्रोसेस मारलेली असते. प्रीफोर्क या, एका वेळच्या प्रत्येक विनंतीला वेगळी प्रोसेस देणाऱ्या अपाचेच्या पद्धतीची मूळ मर्यादा २५६ प्रोसेस. प्रत्येकी ६० एमबी मेमरी धरा, झाले १५ जीबी. आणि यंत्रात ४ जीबी! डेटाबेस व सिस्टिमसाठी १ जीबी सोडून मर्यादा ५० वर आणावी, बाकीच्या विनंत्या रांगेत थांबतील. रोज रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीने) रीस्टार्ट लावणे ही नुसती मलमपट्टी.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिन, पुणे