अनब्लीच्ड म्हणून पाठवलेला दाढीचा ब्रश रंगवलेला निघाला, परत घ्या

नमस्कार,

मी नाशिकहून लिहितोय, इंदिरानगर. चॅटवर बोलून झालंय पण प्रत्येक वेळी "नॅचरल केस आहेत सर, कलर थोडा वेगळा असतोच" हेच उत्तर येतं म्हणून आता हा मेल.

तुमचा बोअर ब्रिसलचा, म्हणजे डुकराच्या केसांचा ब्लीच्ड दाढीचा ब्रश माझ्याकडे आधीपासून आहे, त्याबद्दल काही तक्रार नाही. या वेळी दीडशे रुपये जास्त देऊन अनब्लीच्ड, म्हणजे केसांचा मूळ रंग न काढलेला, मागवला. आमच्याकडे मेन रोडला विचारलं तर नायलॉनचेच दाखवतात, म्हणून ऑनलाइन. तर आला तो दिसायला तपकिरी, आणि दाढीआधी कोमट पाण्यात भिजत ठेवला (बोअरला भिजवावंच लागतं, हे केस पाणी पितात) तर मगातलं पाणी तपकिरी! धूळ असेल म्हणून पाणी बदललं, परत तेच. पांढऱ्या नॅपकिनवर दाबला तर अख्खा गोल उमटला, फोटो जोडलाय. मग केस बोटांनी फाकवून मुळाशी बघितलं तर आत क्रीम कलर, म्हणजे ब्लीच्डच ब्रश वरून रंगवलाय. खऱ्या अनब्लीच्डचे केस एकसारखे नसतात हो, काही काळपट, काही भुरे, मधेच एखादा पिवळट. इथे वरून सगळा एकच रंग, लग्नाआधी मिशीला डाय लावावा तसा.

एक केस जाळूनही बघितला. नायलॉनसारखी वितळून गोळी झाली नाही, केस जळाल्याचाच वास आला. म्हणजे केस जनावराचे आहेत, ते मान्य.

तुमचा माणूस म्हणाला, रंगाने काय फरक पडतो. अहो रंगाचा प्रश्नच नाहीये. ब्लीच करायला पेरॉक्साइड वापरतात, त्याने रंग जातो तसा केसाचा ताठपणाही कमी होतो, म्हणून ब्लीच्ड ब्रश पहिल्यापासून मऊ लागतो आणि लवकर मुरतो, टोकांना फाटे फुटतात आणि ते फुटलेलेच बरे, त्यानेच टोचणं कमी होतं. अनब्लीच्ड सुरुवातीला टोचतो, मुरायला वेळ घेतो, पण त्याला जोर असतो. मी वडीचा कडक साबण वापरतो, त्यावरून फेस उचलायला मला तो जोर हवा होता. ट्यूबची क्रीम वापरणाऱ्याला ब्लीच्ड मस्त पुरतो, पण मग तो माझ्याकडे आहेच ना! दोन्ही भिजवून तळहातावर दाबले, सेम वाकतात.

आणि आता म्हणे "ओला केलेला ब्रश हायजीन पॉलिसीमुळे परत घेत नाही". ओला केल्याशिवाय रंग सुटतो हे कळणार कसं ते तरी सांगा. पेजवर लिहिलंय तसा माल नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, 2020 चे ई-कॉमर्सचे नियम आहेत, तुमच्या पॉलिसीच्या वर. डब्यावर कंट्री ऑफ ओरिजिनही नाही, ते का नाही तेही कळवा.

मला बदली ब्रश नको, तोही याच लॉटमधला यायचा. घरून पिकअप करा आणि शिपिंगसकट पूर्ण पैसे ज्या खात्यातून आले तिथे परत टाका, वॉलेटमध्ये कूपन नको. या आठवड्यात झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो, हेच फोटो लावून.

ऑर्डरचं बिल सोबत जोडलंय.