यादीत वेस काहून नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात पालिकेनं केलेली आपल्या गावच्या हेरिटेज वास्तूंची यादी छापली ती वाचली. आमचा वाडा त्या यादीत आहे हे मला तुमच्या पेपरातूनच समजलं, घरी ना कोणी आलं ना कागद आला. असो, यादीला माझा विरोध नाही, वाडा टिकावा असं आमच्यापेक्षा जास्त कोणाला वाटणार आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. पूर्ण यादी मी पेन घेऊन वाचली, त्यात लोकांचे वाडे आहेत, देवळं आहेत, एक जिनिंगची जुनी इमारत आहे, पण वेस नाही! बारव नाही, इंग्रजांच्या काळातली शाळा नाही. म्हणजे जे जे पालिकेच्या ताब्यात आहे ते सगळं गाळलं आणि बंधन फक्त लोकांच्या घरांवर टाकलं. रस्ता रुंदीकरणाची लाइन वेशीतून जाते हे गावात लहान पोरालाही माहीत आहे, मग वेस यादीत का नाही हे पालिकेनं सरळ सांगावं न.

आता हीच पालिका वाडे वाचवायला निघाली म्हणून मागचं सांगणं भाग आहे. एका पावसाळ्यात आमची मागची भिंत फुगली तेव्हा याच ऑफिसनं नगरपरिषद कायद्याच्या कलम 195 ची नोटीस दारावर चिकटवली, इमारत धोकादायक आहे, उतरवा नाही तर आम्ही उतरवू आणि खर्च वसूल करू. बाबा तेव्हा होते, ते नोटीस घेऊन गेले आणि साहेबांना समजावून सांगितलं की भिंत पांढऱ्या मातीची आहे, माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, भार सागवानी खांबांवर आहे, भिंतीवर नाही, तेवढा भाग उतरवून चुन्यात परत बांधतो, चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला थोडी मुदत द्या. साहेब म्हणाले चुना-बिना काही नाही, सिमेंटचं प्लास्टर मारा, इंजिनीअरचं सर्टिफिकेट जोडा, तरच नोटीस मागे घेतो. मारावं लागलं, दुसरा रस्ताच नव्हता. मातीच्या भिंतीला सिमेंट चढवलं की आतली ओल बाहेर निघत नाही, चुना ती ओल सोडतो, सिमेंट कोंडून ठेवतं, तर झालं असं की आतली माती ओली राहून राहून भुसभुशीत झाली आणि प्लास्टर भिंतीचा अर्धा पोटभाग घेऊनच खाली आला. जी भिंत दुरुस्त झाली असती ती पार गेली. बाबांनी त्याचा फार त्रास करून घेतला. ती खोली आजही टिनपत्र्यानं झाकलेली आहे आणि आता तिला हात लावायचा तर त्याच ऑफिसची परवानगी लागणार.

आणि परवानगी कशाची, ते तरी कोणाला माहीत आहे? मुंबईत 1995 मध्ये हेरिटेजची नियमावली आली, त्यात ग्रेड 1, 2, 3 असे प्रकार आहेत, ग्रेड 3 ला आत बाहेर बरेच बदल करता येतात, ग्रेड 1 ला जवळपास काहीच नाही. आपल्या यादीत ग्रेडचा कॉलमच नाही. हरकती कुठं द्यायच्या, किती तारखेपर्यंत, ते पण नाही. मग पानठेल्यावर लोक बोलून राहिले की आता 100 मीटरमध्ये कोणालाच बांधता येणार नाही. अहो, ते 100 मीटर बंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीचे, हा नियम केंद्राच्या संरक्षित स्मारकांना आहे, 2010 च्या दुरुस्तीतला, गावच्या यादीला तो लागत नाही. पण सांगणार कोण? माझ्या शेजाऱ्यानं घाबरून वाडा विकायचा सौदा सुरू केला आहे, घेणारा पहिल्या दिवशी जेसीबी आणणार.

मोबदल्यात टीडीआर मिळतो म्हणतात, म्हणजे इथं न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकायची सोय. तो मुंबई-पुण्यात विकला जातो, आपल्या गावात बिल्डर आहेच कुठं घ्यायला? आमच्यासारख्याला घरपट्टीत सूट द्या, दुरुस्तीला थोडी मदत द्या आणि चुन्याचं काम येणारे मिस्त्री तयार करा, त्यानं खरंच वाडे उभे राहतील.

वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला जाऊन पाहा, दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस, गावाची ओळखच वेशींनी आहे. अचलपूरला दुल्हा दरवाजा आहे. चंद्रपुरात इको-प्रो संस्थेच्या पोरांनी 2017 पासून स्वतः घाम गाळून किल्ल्याचा परकोट साफ केला. आणि आपल्या वेशीच्या कमानीत खिळे ठोकून वाढदिवसाचे फ्लेक्स लावतात, खाली विजेची डीपी उघडी, पावसाळ्यात तिथून शाळेची पोरं जातात, तिचा अर्ज मी उन्हाळ्यात दिला त्याचं उत्तर अजून नाही.

वेस, बारव आणि शाळा आधी यादीत घ्या, प्रत्येक वास्तूची ग्रेड लिहा, आणि वाडेवाल्यांना समोर बसवून सुनावणी घ्या. त्याशिवाय ही यादी पक्की करू नये. आणि तुमच्या वार्ताहरांनी मुख्याधिकाऱ्यांना वेशीचा प्रश्न विचारून त्यांचं उत्तर छापावं, ही विनंती.

आपला,
पेठेतला एक वाडेवाला