सायली, गाडी बदलण्याआधी

दादर, मुंबई

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

होंडा सिटी विकून मारुतीची जिम्नी घ्यायचं तुझं जवळजवळ ठरलंय, असं आई म्हणाली. जव्हार-मोखाड्याचं काम पुढची काही वर्षं तुझ्याचकडे राहणार असेल, तर विचार बरोबर आहे. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही आणि आकडे तर लक्षातच राहत नाहीत, म्हणून लिहून पाठवतोय.

सिटीची जमिनीपासूनची उंची १६५ मिलिमीटर आणि जिम्नीची २१०. नुसत्या साडेचार सेंटीमीटरसाठी कोणी गाडी बदलू नये. खरा फरक खाली आहे. जिम्नीला ट्रकसारखी स्वतंत्र चॅसिस (खालचा लोखंडी सांगाडा) आहे, पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच सलग दांडा) आहेत आणि ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे ओढ पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीत, लो रेंज आहे. लो रेंजमध्ये इंजिनाची ओढ चाकांपर्यंत जवळपास दुप्पट होऊन पोचते. त्यामुळे ओल्या मुरमाच्या चढावर क्लच न जाळता, माणसाच्या चालीने गाडी वर नेता येते. पाड्यांच्या रस्त्यावर तुला हीच गोष्ट उपयोगी पडणार आहे. ती लागणार नसेल, तर सिटी ठेव.

महिंद्राच्या थारचा विचारही करून पाहिला. डिझेल थारची ताकद जास्त, उंची २२६ मिलिमीटर आणि मागच्या डिफरन्शियलला (वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरजोडणीला) यांत्रिक लॉक मिळतो. पण तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडून चढावं लागतं, आणि आजीच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. दुसरं म्हणजे डिझेलचा डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारी गाळणी. बोरिवली ते अंधेरी रोज रांगत चालवलीस तर त्यातली काजळी जळायला लागणारी उष्णताच तयार होत नाही, दिवा लागतो आणि वर्कशॉपच्या फेऱ्या सुरू होतात. तिसरं, वजन. जिम्नी साधारण १२०० किलोची आहे. चिखलात हलकी गाडी कमी रुतते, आणि रुतलीच तर पाड्यावरची चार माणसं आणि एक फावडं एवढ्यावर निघते. म्हणून माझं मत जिम्नीला, आणि तीही मॅन्युअल. ऑटोमॅटिकला चारच गिअर आहेत, घाटात इंजिन फार ओरडतं.

आता काय जाणार तेही ऐक. सिटीची डिकी ५०६ लिटरची, जिम्नीची मागची सीट उभी असताना २०८. दोन प्रवासी बॅगा आणि पाण्याचे कॅन एकत्र मावणार नाहीत. अखंड ॲक्सलमुळे एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या चाकालाही जाणवतो, म्हणून वेस्टर्न एक्स्प्रेसच्या पुलांवरच्या प्रत्येक सांध्याला गाडी उडेल. स्टिअरिंग सिटीसारखं चटकन उत्तर देत नाही आणि वळल्यावर आपोआप पूर्ण सरळही होत नाही. उंच, चौकोनी अंगामुळे अटल सेतूवर किंवा वर्सोव्याच्या खाडीपुलावर आडवा वारा तिला ढकलतो. ८० ते ९० च्या वेगात ती खुशीत असते. त्याच्या वर नेऊ नकोस, आणि लेन बदलताना झटका देऊ नकोस, कारण गुरुत्वमध्य वर आहे.

यातलीच एक गोष्ट मला सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते. चारही चाकं ओढतात म्हणून गाडी निघते. थांबवायला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही. ब्रेक सिटीलाही चार चाकांवरच होते, आणि ओल्या रस्त्यावर टायरला पकड असेल तेवढीच गाडी थांबते. मनोरपर्यंतच्या हायवेवर पावसात पुढच्या ट्रकपासून सिटीत ठेवतेस त्यापेक्षा जास्त अंतर ठेव.

सोसायटीतलं पार्किंग पैसे भरण्याआधी मोजून घे. जिम्नीची उंची १७२० मिलिमीटर आहे, आणि स्टॅक पार्किंगचे (गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या मशीनचे) बरेच खालचे कप्पे सेदानच्या मापाचे असतात. मशीनवरच्या पाटीवर उंची आणि वजन लिहिलेलं असतं, ते वाच. मागचा दरवाजा आडवा उघडतो आणि त्याच्यावर स्टेपनी लटकलेली असते. गाडीमागे भिंत असेल तर डिकी उघडणारच नाही.

आता फोर-व्हीलचा लिव्हर. यात तीन अवस्था आहेत: २एच, ४एच आणि ४एल. रोजचं सगळं चालवणं २एचमध्ये, म्हणजे फक्त मागची चाकं. ४एच, म्हणजे चारही चाकं, हे ओल्या मुरमासाठी, चिखलासाठी, सुट्या खडीसाठी. सुक्या डांबरावर किंवा काँक्रीटवर ४एच कधीही नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि या गाडीत दोन्ही ॲक्सलमध्ये तो फरक पचवणारं मधलं डिफरन्शियल नाही. सुट्या जमिनीवर चाक जरासं घसरून तो फरक भरून काढतं. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ प्रोपेलर शाफ्ट (ओढ ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, वळताना गाडी अडखळते, लिव्हर अडकून बसतो. असं झालं तर जोर लावू नकोस. दोन-तीन मीटर सरळ मागे घे, पीळ सुटतो आणि लिव्हर आपणहून येतो.

४एच सरळ रस्त्यावर, चालत्या गाडीत पडतं. ४एलला, म्हणजे चारही चाकं लो रेंजमध्ये घ्यायला, मात्र गाडी पूर्ण थांबव, क्लच दाब, गिअर न्यूट्रल कर, मग लिव्हर खाली दाबून मागे ओढ. दात जुळले नाहीत तर गाडी वीतभर पुढे जाऊ दे आणि पुन्हा कर. हँडब्रेक ओढायची सवय ठेव, कारण लिव्हर अर्धवट मध्येच राहिला तर गिअरमध्ये असलेली गाडीसुद्धा उतारावरून घरंगळते. डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा लुकलुकतच राहिला, तर पुढचे हब (पुढची चाकं ॲक्सलशी जोडणारे मधले जोड) गुंतलेले नाहीत असं समज. बहुतेकदा हबकडे जाणारी व्हॅक्यूमची रबरी नळी निघालेली किंवा फाटलेली असते.

महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर थोडं अंतर ४एचमध्ये चालव. न वापरलेला लिव्हर गंजून जाम होतो आणि पुढच्या डिफमधलं (डिफरन्शियलमधलं) तेल एका जागी बसून राहतं.

एक चाक हवेत लटकलं की साध्या डिफरन्शियलमुळे सगळं फिरणं त्याच चाकाला मिळतं आणि ते गरागरा फिरतं. इथे लोक घाबरून ॲक्सिलरेटर सोडतात. सोडू नकोस, एकसारखा धरून ठेव. गाडी आपणहून त्या चाकाला ब्रेक लावते आणि ओढ त्याच ॲक्सलवरच्या दुसऱ्या चाकाकडे वळते. दोन-तीन सेकंद टकटक आवाज येतो, तो बिघाडाचा नाही. चढावर गाडी अडली तर वळवायला जाऊ नकोस, आडवी झाली की पलटते. ब्रेक, रिव्हर्स गिअर, आणि सरळ रेषेत खाली. उतार पुढच्या तोंडाने उतरताना मात्र ४एल, पहिला गिअर, पाय क्लचवरून काढलेला.

खर्च करायचाच असेल तर टायरवर कर. माप १९५/८० आर १५ हेच ठेव, फक्त नक्षी एटी (ऑल-टेरेन, रस्ता आणि कच्चं दोन्हीसाठी) घे. एमटी (मड-टेरेन) टायर चिखलात भारी असतात, पण मुंबईच्या ओल्या डांबरावर कमी धरतात आणि दिवसभर गुणगुणतात. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, सारखे झिजलेले हवेत. एक नवा आणि तीन जुने असं झालं तर घेर वेगळा होतो आणि ४एचमध्ये तोच पीळ पुन्हा येतो. म्हणून दर ८ ते १० हजार किलोमीटरला स्टेपनीसकट पाचही चाकांची अदलाबदल कर. मोठे टायर, छतावरचे दिवे आणि पुढचा लोखंडी बंपर यांच्या नादाला लागू नकोस. अशा बंपरवर, म्हणजे बुलबारवर, डिसेंबर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, आणि अपघातात तो चॅसिसचं आणि एअरबॅगचं गणित बिघडवतो. मोठ्या टायरने ब्रेकचं अंतर वाढतं आणि स्टिअरिंगचे सांधे लवकर सुटतात. ६० ते ७० च्या वेगात एखादा खड्डा लागल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि थांबेना, तर वेग कमी कर आणि त्याच आठवड्यात चाकांचं बॅलन्सिंग, किंगपिनचे बेअरिंग आणि टाय रॉडचे एंड तपासून घे.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. खोल चिखलात शिरण्याआधी तो १८ ते २० पीएसआयवर उतरव. टायर पसरतो, जमिनीला जास्त लागतो आणि रुतत नाही. १५ च्या खाली गेलीस तर वळताना टायर रिमवरून सुटेल. डांबरावर येताच पुन्हा भर, कमी हवेत वेगाने पळवलेला टायर तापून फुटतो. त्यासाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर आणि खरा दाबमापक गाडीतच ठेव. वाळू आली म्हणून काशीद-अलिबागच्या किनाऱ्यावर मात्र गाडी उतरवायची नाही. भरतीला चाकाखालची वाळू पाणी ओढून नेतं आणि गाडी बसत जाते, शिवाय खारं पाणी चॅसिस खातं.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. या टायरचा व्यास साधारण ६९ सेंटीमीटर आहे. चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे ३५ सेंटीमीटर, ही तुझी मर्यादा, तीही साचलेल्या पाण्यात. हिंदमाता असो की मिलन सबवे, पाण्याखाली उघडं मॅनहोल आहे की नाही हे वरून कळत नाही. सबवेत पाणी दिसलं की गाडी मागे वळव. आणि पाड्याकडच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढं दिसलं तरी थांब. वाहतं पाणी गाडी आडवी ढकलतं, आणि फरशीची कड वाहून गेलेली असते ती दिसत नाही. साचलेल्या पाण्यातून जायचंच झालं तर ४एल, पहिला किंवा दुसरा गिअर, एकसारखा हळू वेग, मध्ये गिअर बदलणं नाही. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्ट करू नकोस. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन उघडावं लागतं, आणि साध्या विम्यात हे बहुधा नाकारतात. पॉलिसीत इंजिन प्रोटेक्ट जोडून घे.

पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलकेच दाबत थोडं चालव, म्हणजे पॅड सुकतात. आणि डिफचं तेल बघायला सांग. चालून गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात अचानक गार होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. फिलर प्लग उघडून बोट बुडवलं तर चांगलं तेल मधाच्या रंगाचं, स्वच्छ दिसतं. पाणी गेलं असेल तर दुधाळ आणि फेसाळ असतं. ते लगेच बदल, पुढचा डिफ, मागचा डिफ आणि ट्रान्सफर केस, तिन्ही ठिकाणचं.

मुंबईच्या हवेत गंज आतून लागतो. चॅसिसच्या पोकळ तुळयांना खालून पाणी निघायची भोकं असतात. चिखल सुकला की ती बुजतात आणि पाणी आतच राहतं. प्रत्येक फेरीनंतर खालून पाण्याचा जोर मारून ती भोकं मोकळी करून घे, आणि अँटी-रस्ट मारणाऱ्याला ती झाकू देऊ नकोस.

जुनी गाडी मिळाली तर रंग आणि सीट कव्हर बघून भुलू नकोस. आधी खाली वाक. चॅसिसवर नवी वेल्डिंग, चेपलेला डिफ, ट्रान्सफर केसखाली ओलं तेल, यातलं काहीही दिसलं तर सोड. मग सगळे सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढ. पुरात बुडालेल्या गाडीच्या पट्ट्यावर आतल्या टोकाला मळकट रेघ राहते, धुणाऱ्याचा हात तिथे पोचत नाही. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का तेही बघ.

दोरखंडाच्या बाबतीत हट्ट धरतोय असं वाटलं तरी चालेल. गाडीत दीड-दोन हात लांब दांड्याचं फावडं, क्षमता लिहिलेला ओढायचा पट्टा आणि ४.७५ टनाचे दोन डी-शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) हवेत. पट्टा कंपनीच्या टो हुकलाच अडकव. टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) कधीही नाही, तो तुटून गोळीसारखा येतो. ओढताना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणीही उभं राहता कामा नये, आणि पाड्यावरच्या पोरांना आधी लांब कर.

सिटी विकताना फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या होतील. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागेल. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत जाणार असेल तर फॉर्म २८. नाव बदलल्याचं परिवहनच्या साइटवर दिसेपर्यंत त्या गाडीचं काहीही झालं तरी नोटीस तुझ्या नावावर येईल, म्हणून कागद एजंटकडे देऊन मोकळी होऊ नकोस. फास्टॅग त्याच दिवशी बंद कर. विम्याचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुझा असतो. कंपनीकडून एनसीबीचं पत्र घे, ते तीन वर्षं चालतं, आणि जिम्नीच्या पॉलिसीला लाव. तुझा बोनस ५० टक्क्यांवर आलेला आहे.

टेस्ट ड्राइव्हला आजीला मागे बसव आणि शोरूमच्या गुळगुळीत रस्त्यावरून न फिरवता दहिसर नाक्याच्या पुढे ने. लिव्हरसाठी मी शनिवारी मोकळा आहे, येऊरच्या पायथ्याला कच्ची जागा मिळाली तर तिथे तासभर ४एल घालून बघू.

तुझा,
बाबा