अर्धी ही आणि अर्धी ती?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीतला जेनिफर पोडेम्स्कीवरचा लेख वाचला. कॅनडातल्या एका आदिवासी अभिनेत्रीला मराठी वर्तमानपत्राने अर्धं पान द्यावं, याचा आनंद दुसऱ्या परिच्छेदापर्यंत टिकला. तिथे 'अर्धी ज्यू, अर्धी रेड इंडियन' आलं आणि माझा चहा तसाच निवला.

'रेड इंडियन' आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं, त्याला आता पन्नासएक वर्षं झाली. जेनिफरची आई सोटो या आदिवासी समाजाची, सस्कॅचेवान प्रांतातल्या मस्कोपीटंगची. नाव उच्चारायला अवघड आहे, पण लेखकमहाशयांनी पोडेम्स्की बिनचूक लिहिलंय, म्हणजे जमलं असतं. राहिलं 'अर्धी'. वडिलांकडचे आजोबा ज्यू हत्याकांडातून वाचलेले, आईकडच्या माणसांनी आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा जाच भोगलेला. यातलं कुठलं तिच्या वाट्याला निम्मं आलं, तेवढं कळवावं.

मला हे इतकं का झोंबलं, ते सांगते. मी बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. आडनावाला 'कर' आहे, आजोळ अलिबागजवळचं. पणजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी, आमच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल सोडलेला असायचा, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणे. १९८१ साली नोकरीला लागले तेव्हा साहेबांच्या टेबलाशी बसलेल्या कारकुनाने धर्म विचारला. मी 'ज्यू' म्हटलं. त्याने 'जैन' लिहिलं. मी म्हटलं, जैन नव्हे हो, ज्यू, बेने इस्रायल. त्याने पेनाचं टोपण दातात धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे बाई, तुम्ही अर्ध्या फॉरेनच्या." मग खाडाखोड नको म्हणून 'जैन'पुढे कंस करून त्यात प्रश्नचिन्ह टाकलं. माझ्या सर्व्हिस बुकात ते 'जैन (?)' निवृत्तीपर्यंत तसंच होतं. निरोप समारंभाला सगळे हसले, मीही हसले. पण घरी माझ्या आईला ते कधी सांगितलं नाही.

असो. मुद्दा जेनिफरचा आहे.

तुमच्या लेखात तिच्या दिसण्यावर चार ओळी आणि कामावर दीड ओळ आहे. १९९४ च्या 'डान्स मी आउटसाइड' चित्रपटात आणि नंतर 'द रेझ' मालिकेत ती सेडी होती, एवढं आलंय. पुढचं कोण सांगणार? आदिवासी नटीला मनाजोगत्या भूमिका मिळत नव्हत्या, तेव्हा बाईने १९९९ मध्ये लॉरा मिलिकनबरोबर स्वतःची निर्मिती संस्थाच काढली. त्यातून 'मोकासिन फ्लॅट्स' आली, सस्कॅचेवानमधल्या रजायना शहरातल्या आदिवासी तरुणांची मालिका. २०१३ च्या 'एम्पायर ऑफ डर्ट' चित्रपटाची ती निर्माती, शिवाय त्यात कामही केलं.

आणि 'लिटल बर्ड'चा उल्लेखच नाही! माझी भाची टोरांटोत असते, तिने सहाही भाग मला बसवून दाखवले. जेनिफरने हॅना मॉस्कोविचबरोबर ती मालिका रचली, २०२३ मध्ये आली. कॅनडात सरकारी समाजसेवक आदिवासी घरांतून मुलं उचलून नेत आणि परक्या घरांत दत्तक देत, तो काळ. बेझिग नावाची पोर अशीच उचलली जाते आणि माँट्रियलच्या एका ज्यू घरात वाढते. तिथे तिचं नाव पडतं एस्तर. आमच्या घराण्यात तीन एस्तर होऊन गेल्या, माझी आत्या त्यातली एक. आमचं लाडकं नाव आहे ते. ते एका मुलीचं पहिलं नाव पुसून वर लिहिलेलं बघताना मला भाचीकडे बघवेना. तिला दत्तक घेणारी आई, गोल्डा, स्वतः हत्याकांडातून वाचलेली आहे आणि मुलीवर जीव टाकते. म्हणून तर राग नेमका कोणावर काढावा तेच समजत नाही. हे लिहायला अर्धं पान कमी पडलं असतं, कबूल आहे.

आता फोटो. लेख जेनिफरवर आणि छापलेला फोटो तिच्या बहिणीचा, टमाराचा! तिघी बहिणी अभिनेत्री आहेत. टमाराला २००७ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात अभिनयासाठी ज्युरींचं खास पारितोषिक मिळालं, आणि सर्वांत धाकटी सारा 'रिझर्व्हेशन डॉग्ज' मालिकेतली रीटा. बहिणी आहेत, चेहरे मिळणारच. पण मंगेशकर बहिणींवरच्या लेखात लताबाईंच्या नावाखाली उषाताईंचा फोटो तुम्ही छापाल का? छापलात तर दुसऱ्या दिवशी कचेरीबाहेर किती लोक जमतील?

जाता जाता. गेल्या डिसेंबरात तुमच्या दिनविशेषात हनुक्का या आमच्या दिव्यांच्या सणाला 'ज्यूंचा नाताळ' म्हटलं होतं. त्यावर मी पत्र पाठवलं, ते छापलं नाहीत. हे लांबलंय हे मलाही दिसतंय. कापायचंच असेल तर सर्व्हिस बुकाचा भाग कापा. तिघी बहिणींची नावं मात्र राहू द्या आणि पुढच्या रविवारी फोटो तपासून टाका.

आपली,
चाळीस वर्षांची वाचक,
ठाणे