दायमाबादची पांढर वाचवा

संपादक महोदय,

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद या प्राचीन वसाहतीच्या स्थळाची चर्चा १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना मिळालेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या चार ब्राँझ शिल्पांपुरती उरते. एकत्रित वजन ६० किलोंहून अधिक, कारागिरी अप्रतिम. पण ती शास्त्रीय उत्खननात मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाचा वाद अजून मिटत नाही. स्थळाचे खरे महत्त्व थरांत आहे. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे असे पाच प्राचीन संस्कृतींचे थर प्रवरेकाठी एकावर एक सापडतात.

हे थर सरळ पट्ट्यांसारखे नसतात. जोर्वेकाळात घराच्या जमिनीखाली मृत लहान मुलांना कुंभांत पुरत. त्यासाठीचा खड्डा खालच्या माळवा थरात शिरतो आणि नंतरचे खापर जुन्या मातीत पोचते. त्यामुळे उत्खनन करताना मातीचा बदललेला रंग, भुसभुशीतपणा पाहून खड्ड्याची कड आधी आखावी लागते. मग खड्ड्यातला भराव वेगळा काढायचा, त्याच्या पिशवीवर वेगळी चिठ्ठी लावायची आणि त्यानंतरच भोवतालच्या थराला हात घालायचा. क्रम चुकला की कालक्रमच कोसळतो.

गावोगावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती सुपीक म्हणून ट्रॅक्टरने शेतात नेली जाते. वरचा एक मीटर गेला तर बहुधा जोर्वेच गेले! दायमाबादच्या टेकाडाची हद्द दगड रोवून दाखवावी, उत्खननाच्या जुन्या चरांच्या कडा ढासळू नयेत म्हणून पाण्याला वाट काढून द्यावी आणि पाच थरांचा छेद दाखवणारा मराठी फलक तिथे लावावा.

– एक वाचक