डुवालचे ५९ छापलेत, तर ९१ पण छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर शिखरावरून खाली आलेल्या खेळाडूंवर मोठा लेख आला. टायगर वूड्सवर अर्धं पान होतं, ते ठीकच आहे, पण गोल्फर डेव्हिड डुवालला त्यात जेमतेम चार ओळी मिळाल्या, त्याचा ५९ चा स्कोअर तेवढा छापला (गोल्फमध्ये १८ होल कमीत कमी फटक्यांत संपवायचे असतात, आकडा लहान तितका चांगला; ९१ कसले ते पुढे सांगतो) आणि त्या चार ओळींचा अर्थ असा की पैसा मिळाला, भूक संपली, मग हा माणूस परत कधी दिसलाच नाही. हे वाचून मला आणि माझ्या वडिलांना खूप वाईट वाटलं. वाईट वाटण्यापेक्षा ते चुकीचं आहे म्हणून लिहितोय, आणि पत्र लांबलंय त्याबद्दल आधीच माफी मागतो.

माझे वडील पुण्यात गोल्फ कोर्सवर सव्वीस वर्षं कॅडी होते, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारे आणि त्याला सल्ला देणारे. आमच्या घरात क्रिकेटपेक्षा गोल्फचं बोलणं जास्त, आणि टीव्हीवर गोल्फ लागलं की बाबा खेळाडूकडे कमी आणि त्याच्या कॅडीकडे जास्त बघायचे. २२ जुलै २००१ ची रात्र मला अजून आठवते. ब्रिटिश ओपनचा शेवटचा दिवस, इंग्लंडमधलं रॉयल लिदम, चौघंजण बरोबरीत पुढे होते, डुवाल, लँगर, वूस्नम आणि चेका. वूस्नमने पहिल्याच होलला बॉल जवळजवळ आत घातला होता, बर्डी झाली (पार म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी), आणि दुसऱ्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारतात तिथे, कळलं की त्याच्या बॅगेत नियमातल्या १४ च्या ऐवजी १५ क्लब (फटके मारायच्या काठ्या) आहेत, एक ड्रायव्हर जादा राहिला होता. दोन स्ट्रोकची, म्हणजे दोन फटक्यांची पेनल्टी. बाबा तोंडावर हात ठेवून बसले. क्लब मोजणं हे कॅडीचं काम असतं ना. त्या कॅडीसाठी त्यांना रात्रभर झोप नव्हती. त्यामुळे डुवाल जिंकला तेव्हा आमच्या घरात फार जल्लोष वगैरे झाला नाही, पण त्याने ६७ मारले, तीन स्ट्रोकने जिंकला, आणि तो काळा चष्मा काढून जरासा हसला ते बघून बाबा म्हणाले, बरं झालं, ह्या पोराला हे पाहिजेच होतं.

तेव्हा तो २९ वर्षांचा होता. पीजीए टूरवरचा, म्हणजे अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धांमधला, त्याचा तो तेरावा विजय आणि शेवटचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात जपानमध्ये डनलॉप फिनिक्स जिंकला, मग काही नाही.

आता तुमच्या लेखात तो किती मोठा होता हेच नीट आलेलं नाही, त्यामुळे पडला किती तेही कळत नाही. १९९७ च्या ऑक्टोबरपर्यंत हा माणूस एकही स्पर्धा जिंकला नव्हता, सात वेळा दुसरा आला होता, आणि मग जिंकायला लागला तो लागोपाठ तीन. १९९९ च्या एप्रिलपर्यंतचा हिशोब धरला तर ३४ स्पर्धांत ११ विजय! ते पण टायगर वूड्स फॉर्मात असताना. जानेवारी १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात बॉब होप स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी तो सात स्ट्रोक मागून निघाला आणि ५९ मारून जिंकला, पार ७२ च्या कोर्सवर ११ बर्डी आणि शेवटच्या होलवर ईगल (पारपेक्षा दोन कमी), ५ नंबर आयर्नने बॉल होलपासून पाच-सहा फुटांवर आणून ठेवला. पीजीए टूरवर तोपर्यंत ५९ फक्त दोघांनी मारले होते, आणि शेवटच्या फेरीत तर कोणीच नाही. मार्चमध्ये घराजवळच्याच सॉग्रासला प्लेयर्स चॅम्पियनशिप जिंकून तो टायगरला मागे टाकून जगात एक नंबर झाला, आणि त्याच दिवशी, म्हणजे अगदी त्याच रविवारी, त्याचे वडील बॉब डुवाल सीनियर टूरवरची, म्हणजे पन्नाशीपुढच्या खेळाडूंची, स्पर्धा जिंकले. बापलेक एका दिवशी. हे मी बाबांना कितीतरी वेळा सांगितलंय आणि दरवेळी ते पहिल्यांदा ऐकल्यासारखे ऐकतात.

आता भूक संपली ह्या म्हणण्याबद्दल. २००० साली त्याची पाठ धरली. मग मनगट, मग खांदा, पुढे चक्कर येण्याचा त्रास. गोल्फ बघणाऱ्यांना माहीत असेल, डुवालची ग्रिप (क्लबची पकड) फार मजबूत होती म्हणजे हात उजवीकडे वळवून धरायचा, त्यामुळे क्लबफेस, म्हणजे क्लबचा बॉलला लागणारा भाग, बंद (डावीकडे वळलेला) राहायचा आणि बॉल डावीकडे जाऊ नये म्हणून कंबर आणि छाती प्रचंड जोरात फिरवायला लागायची, क्लब बॉलला लागायच्या आधीच त्याचं डोकं टार्गेटकडे वळलेलं दिसायचं. हे सगळं पाठीवर उभं आहे. पाठीने साथ दिली तोपर्यंत जगातला सगळ्यात भरवशाचा शॉट, आणि पाठ दुखली की शरीर आपोआप दुखणाऱ्या जागेला वाचवायला बघतं, कंबर अर्धा क्षण उशिरा येते, हात पुढे पळतात, बॉल कुठे जाईल ते त्यालाच माहीत नाही. मग दुखणं बरं झालं तरी नवी सवय जात नाही.

हे मी कोच म्हणून सांगत नाहीये, मी कोच नाही. मी हे घरी बघितलंय. बाबांची पाठ पंचेचाळिशीत दुखायला लागली, त्यांनी कोणाला सांगितलं नाही, ए क्लास कॅडी होते, सांगितलं असतं तर बॅग गेली असती. मग पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेतला. दोन वर्षांत डावा खांदा गेला. मग चाल बदलली, मग गुडघा. शेवटी शेवटी ग्रीन (होलभोवतीचं बारीक गवत) वाचण्यात, म्हणजे त्याचा उतार ओळखण्यात, त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता पण ग्रीनपर्यंत पोचायलाच उशीर व्हायचा. त्यांची भूक संपली होती असं कोणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो. आणि ज्या माणसाला आम्ही कधी भेटलो नाही त्याच्यासाठीही भांडतोय, कारण तेच वाक्य आहे.

शरीराशिवाय अजून एक गोष्ट आहे, ती लेखात यायला हवी होती. डुवाल ९ वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ १२ वर्षांचा होता, त्याला रक्ताचा भयंकर आजार झाला, डेव्हिडची बोन मॅरो काढून त्याला दिली आणि तरीही तो वाचला नाही. ह्या पोराने ते ओझं घेऊन बालपण काढलं, तासन्तास एकटा बॉल मारत बसायचा. आणि आयुष्यभर ज्याच्यासाठी बॉल मारले ते ब्रिटिश ओपन जिंकल्यावर त्याला आतून काही वाटलंच नाही, एवढंच का, असा प्रश्न पडला, हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय. ह्याला माज म्हणायचं का? मला तर वाटतं असा प्रश्न पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाचशे बॉल मारणं किती अवघड असेल, आणि त्यात पाठ दुखतेय.

२००३ मध्ये त्याची अवस्था अशी झाली की कमाईच्या यादीत दोनशेच्या खाली गेला. पण त्याच वर्षी डेन्व्हरमध्ये त्याला एक बाई भेटली, तीन मुलांची आई, पुढच्या वर्षी लग्न केलं. मग काही महिने खेळलाच नाही आणि थेट २००४ च्या यूएस ओपनला शिनेकॉकला उतरला. ८३ आणि ८२. एक नंबर राहिलेल्या माणसाचे हे आकडे, आणि तो चक्क हसत होता, लोकांशी बोलत होता, ज्याला सगळे गर्विष्ठ आणि तुसडा म्हणायचे तो. बाबा म्हणाले आता हा खेळेल बघ.

आणि खेळला! इथे आपल्या लेखात सरळ चूक आहे. परत कधी दिसलाच नाही हे खरं नाही. २००९ ची यूएस ओपन, न्यूयॉर्कजवळचं बेथपेज, पाऊस इतका की स्पर्धा सोमवारपर्यंत गेली. डुवालचा जागतिक क्रमांक ८८२, पात्रता फेरी खेळून आत आलेला. शेवटच्या फेरीत तिसऱ्या होललाच ट्रिपल बोगी (पारपेक्षा तीन जास्त), बॉल वाळूच्या बंकरच्या काठात रुतला होता. संपलं असं वाटलं. मग १४, १५, १६ लागोपाठ तीन बर्डी आणि गडी आघाडीवर बरोबरीत! १७ व्या होलला पाचेक फुटांचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) कडेला लागून बाहेर आला. ल्युकास ग्लोवर दोन स्ट्रोकने जिंकला, डुवाल फिल मिकलसनच्या बरोबरीने दुसरा. ८८२ नंबरचा माणूस आणि मिकलसन एका ओळीत. त्या पटची लाईन बाबा अजून सांगतात, त्यांच्या मते उजवीकडे अजून अर्धा कप, म्हणजे होलची अर्धी रुंदी, द्यायला हवा होता, टीव्हीवरून कसं कळतं देव जाणे पण ते ठाम आहेत.

त्यानंतर मात्र खरंच काही राहिलं नाही, २०११ नंतर टूर कार्डही, म्हणजे टूरवर खेळायचा हक्कही, गेलं, टीव्हीवर समालोचन करायला लागला. पण २०१६ मध्ये बापमुलांच्या स्पर्धेत तो बायकोच्या मुलाबरोबर, म्हणजे ज्याला त्याने आपला मुलगा मानलं त्याच्याबरोबर खेळला आणि दोघं जिंकले. तो विजय रेकॉर्डच्या पुस्तकात तेराच्या पुढे मोजत नाहीत. आम्ही मोजतो.

आणि ९१ बद्दल. २०१९, ब्रिटिश ओपन, उत्तर आयर्लंडमधलं पोर्टरश. माजी विजेता म्हणून त्याला प्रवेश असतो. ४७ वर्षांचा डुवाल, पहिल्या दोन होलला दोन बर्ड्या, स्कोअरबोर्डवर नाव वर. मग सातव्या होलला दोन बॉल हरवले, तिसरा मारला आणि बऱ्याच पुढे जाऊन कळलं की आपण भलताच बॉल खेळतोय. परत टीवर. सगळा हिशोब होऊन त्या एका होलवर १४ लागले. अशा वेळी मोठे खेळाडू मनगट दुखतंय, पाठ दुखतेय सांगून निघून जातात, कोणी विचारत नाही, आणि ह्याची तर पाठ खरंच दुखरी. हा उरलेले अकरा होल खेळला, ९१ च्या कार्डावर सही केली आणि पत्रकारांसमोर उभा राहून काय काय झालं ते क्रमाने सांगितलं, व्यावसायिक खेळाडूने स्कोअर द्यायचा असतो एवढंच त्याचं म्हणणं.

लोकांनी त्या ९१ ची टिंगल केली. आपल्या लेखात तर तो आकडा नाहीच, फक्त ५९ आहे. माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी हे दोन्ही आकडे एकत्र द्या आणि मधल्या वीस वर्षांत पाठीचं, मनाचं आणि घराचं काय झालं ते लिहा, आपल्याकडे क्रीडा पानावर जागा आहे आणि लिहिणारे चांगले आहेत. आपल्याकडची कितीतरी पोरं सोळाव्या वर्षी राज्यात पहिली असतात आणि एकविसाव्या वर्षी अशाच दुखण्याने मागे पडतात, मैदानावर त्यांना लोक हेच ऐकवतात की तुझी भूक संपली. ती पोरं आणि त्यांचे आईबाप आपला पेपर वाचतात.

निदान २००९ ची चूक तरी दुरुस्त करावी. सुधारणा छापली तर शक्यतो जरा मोठ्या टाइपात छापा. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रविवारचा लेख मीच त्यांना वाचून दाखवला होता, पण हे त्यांना स्वतः वाचायचंय.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
पुणे