आरोग्यमंत्री साहेब, दिवसातून किती वेळा लघवी करायची तेही सांगून टाका

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

५ सप्टेंबरला, स्पायनल कॉर्ड इंज्युरी दिनाच्या कार्यक्रमात आपण जाहीर केलंत की मज्जारज्जूला इजा झालेल्या प्रत्येक पेशंटला कॅथेटर, म्हणजे लघवी काढायच्या नळ्या, मोफत आणि वेळेवर मिळतील. समोर व्हीलचेअरवर बसलेल्या आम्ही टाळ्याही वाजवल्या, ज्यांचे हात चालतात त्यांनी. काल काउंटरवर उत्तर मिळालं, "हा आयटम यादीत नाही. फोली घेऊन जा, महिनाभर चालते." फोली म्हणजे मूत्राशयात ठेवूनच द्यायची नळी; मला हवी ती दर वेळी घालून काढायची.

आपण व्यस्त असता म्हणून थोडक्यात सांगतो. माझी इजा डी-४ ला, म्हणजे छातीच्या चौथ्या मणक्याच्या पातळीला आहे. लोकांना वाटतं पाय गेले एवढंच. पाय गेले त्याची सवय होते हो. खरा ताप मूत्राशयाचा. ते भरलंय हे मला कळत नाही, ते स्वतःच्या मनाने आकुंचन पावतं आणि त्याच वेळी खालचा स्फिंक्टर (लघवी अडवणारा स्नायू) उघडायच्या ऐवजी आवळून बसतो, मग आतलं प्रेशर वाढत जातं आणि लघवी उलटी किडनीकडे चढते. दुखत नाही, काही नाही, सोनोग्राफीत किडनी सुजलेली दिसते तेव्हा समजतं. पूर्वी अशा इजेनंतर माणसं मोठ्या प्रमाणावर किडनी फेल होऊनच जायची. त्यावरचा उपाय म्हणजे दर चार ते सहा तासांनी साधी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. लॅपिडिस नावाच्या डॉक्टरांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की त्याला ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक काही लागत नाही, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते. १९७२! आणि तुमच्या यादीत अजून आयटम नाही.

दिवसाला पाच धरले तर वर्षाला अठराशेच्या वर कॅथेटर लागतात. तुम्ही देताय महिन्याला एक फोली, जी चोवीस तास आत राहते, तिच्यामुळे इन्फेक्शन होतं, खडे होतात, मूत्रमार्गाला जखमा होतात. ज्याचे हात चालत नाहीत त्याला ती लागते, मान्य, पण माझे हात धडधाकट आहेत.

आणि ती फोली एकदा तुंबली तेव्हा काय झालं तेही ऐका. डी-६ च्या वर इजा असेल तर मूत्राशय तट्ट भरलं की बीपी अचानक भडकतं, डोकं फुटेल असं दुखतं, घामाने निथळायला होतं. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, वेळेत आवरलं नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. कॅज्युअल्टीत मला काय केलं, तर आडवं झोपवलं! अशा वेळी पेशंटला सरळ बसवायचं असतं, कारण झोपवलं की बीपी आणखी चढतं, आणि सगळ्यात आधी नळी बघायची असते. मी ओरडून सांगत होतो, नळी बघा नळी बघा, तर ड्युटीवरचे डॉक्टर भावाला विचारतात, "हे नेहमीच असे टेन्शन घेतात का?" शेवटी भावानेच नळीचा पीळ काढला आणि पुढच्या काही मिनिटांत बीपी उतरलं. त्याला कुठलं सर्टिफिकेट देणार?

बोटॉक्सचं तर विचारूच नका. गोळ्यांनी जमत नसेल तर तेच सुरकुत्यांवरचं इंजेक्शन मूत्राशयाच्या स्नायूत २०० युनिट टोचून तो सैल करतात, बऱ्याच जणांना सहा ते नऊ महिने आराम पडतो. अमेरिकेत २०११ पासून याला मंजुरी आहे. माझी फाइल तुमच्या योजनेतून परत आली, शेरा 'कॉस्मेटिक'. साहेब, माझ्या मूत्राशयाच्या सुरकुत्या काढून ते कोणाला दाखवायचंय?

बायकांचं तर अजून वाईट. पुरुषाला निदान बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर तरी असते, त्यांना तेही नाही आणि नळी घालायला आडोसा लागतो. अपंगांसाठीचं टॉयलेट म्हणाल तर त्यात झाडू आणि जुन्या खुर्च्या, बाहेर कुलूप. मग त्या बाहेर जायच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. मग पुन्हा खडे, पुन्हा ताप, पुन्हा अँटिबायोटिक. त्यात रिपोर्टमध्ये नुसते जंतू दिसले, ताप नाही काही नाही, तरी कोर्स लिहून देणारे महाभाग आहेतच, आता माझ्यावर निम्मी औषधं चालत नाहीत.

मागणी काय, तर कॅथेटर यादीत घ्या, वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करा, युरोडायनॅमिकचं (मूत्राशयातलं प्रेशर मोजायचं) मशीन ज्या खोलीत बंद आहे तिथे ते चालवणारा एक माणूस द्या आणि कॅज्युअल्टीत भिंतीवर लिहा की यांना झोपवू नका. झालं. पण यात फीत कापायला काही नाही ना. डायलिसिस सेंटरचं उद्घाटन करता येतं, बॅनरवर फोटो येतो. ज्याची किडनी वाचली त्याचा फोटो कोण लावणार? जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात दीड कोटीच्या वर माणसं अशा इजेसह जगतायत, त्यातल्या प्रत्येकाला लघवी होते बरं का, पण सरकारांना दिसतो फक्त रॅम्प, तोही गाडी चढणार नाही इतका खडा. आणि दरवर्षी मला ऑफिसात बोलावून खात्री करतात की मी अजून अपंगच आहे ना.

उत्तर पाठवणार असाल तर 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे' हे वाक्य पाठवू नका. ते माझ्याकडे आधीच आहे, तुमच्याच सही-शिक्क्याचं.

आपला,
एक लाभार्थी (फॉर्मवर असंच छापलंय)